माप देताना पोट आत ओढायचं नाही

घाटाच्या रस्त्यावर एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला पुढचं वळण जसं आधी कळतं, तसं मागच्या सीटवरच्या माणसाचं पोटही कळतं. डोक्यावरच्या आरशात एक नजर टाकून तो कंडक्टरला सांगायचा, "चौथी रांग, खिडकीजवळचे गृहस्थ. अजून तीन वळणं." कंडक्टर पिशवी घेऊन धावायचा आणि गृहस्थ बरोबर तिसऱ्या वळणावर पिशवीत तोंड घालायचे. आधी चेहरा पांढरा पडतो, मग माणूस बोलायचा थांबतो, मग आवंढे गिळायला लागतो आणि सगळ्यात शेवटी शेजाऱ्याला सांगतो, "छे, मला काही होत नाहीये." हे वाक्य आलं की पिशवी हातात पाहिजेच. डेपोत त्याला सगळे 'आरसा' म्हणायचे. एरवी कुणी टोपणनावाने हाक मारली की चिडणारा हा माणूस, या नावावर मात्र खूश असायचा.

त्यामुळे बायकोच्या छातीतली गाठ ऑपरेशनने काढून झाली आणि डॉक्टरांनी "आता केमोथेरपी, तीन-तीन आठवड्यांनी, एकूण आठ डोस. मळमळ होईल," असं सांगितलं, तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलेला आरसा आतून घाबरला खरा, पण थोडासा सरसावूनही बसला. कॅन्सरमधलं त्याला काही कळत नव्हतं. मळमळ मात्र त्याच्या खात्यातली होती.

बायको टेलर होती. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला उंच आरसा, कपडे घालून बघायला पडद्याआडचा कोपरा आणि जमिनीवर कायम कात्रणांचा ढीग. तिच्या हातच्या काजांसाठी लोक लांबून यायचे. मशीनवर काज करणं तिला कमीपणाचं वाटे. बोटांच्या टोकांनी कापडाची कड चाचपत, बोलता बोलता, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तानसुद्धा न घालता ती काज विणायची, आणि ते उलट्या बाजूने बघितलं तरी सुलट्यासारखंच दिसायचं. डोळे मिटून कापड नुसतं चिमटीत धरलं तरी सुती किती, मिसळ किती हे ती सांगायची. नवऱ्याच्या आरशाचं तिला काही कौतुक नव्हतं. "तुम्हाला बघावं लागतं," ती म्हणायची, "मला हात लावला की कळतं."

उंच आरशाच्या बाजूला तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पाटी होती: 'माप देताना पोट आत ओढायचं नाही.' गिऱ्हाइकांची ही खोड सगळ्या जगात एकच. कमरेला टेप लागली रे लागली की माणूस श्वास रोखून तीन इंच बारीक होतो. शर्ट त्या मापाचा होतो, घरी जाऊन जेवण झालं की बटण उडतं आणि नाव शिंप्याचं खराब होतं. म्हणून ही बाई टेप लावून उगाच इकडच्या तिकडच्या गप्पा काढायची. गिऱ्हाईक गप्पांत रमलं, पोट सैल सुटलं, की झटकन माप घ्यायची आणि वहीत लिहायची. त्या वहीत तिने आयुष्यात कधी अर्धा इंच खोटा लिहिला नव्हता.

पहिल्या डोसला आरशाने अख्खी बस सोबत घेतली होती म्हणा ना. पिशव्या, लिंबं, ओला रुमाल, कोरडा रुमाल. आणि आदल्या रात्रीपासून बायकोला उपाशी ठेवलं होतं. घाट रिकाम्या पोटी चढावा, हा त्याचा एकतीस वर्षांचा नियम. हॉस्पिटलात काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने आणखी एक दिवस तिला पातळ सरबतावर ठेवलं, आणि बरं वाटतंय म्हणून तिने गोळ्याही सोडल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे जे सुरू झालं ते त्याने कुठल्या घाटात बघितलं नव्हतं. पोटात काही नसताना उलटी होते तेव्हा माणूस आतून पिळून निघतो. दुपारी घोटभर पाणी ठरेना, तेव्हा त्याने वॉर्डाला फोन लावला. मोठ्या सिस्टर फोनवर आल्या.

"पोट रिकामं ठेवायला कुणी सांगितलं?"

"मी. मला मळमळीचा एकतीस वर्षांचा अनुभव आहे."

"डॉक्टर आहात?"

"बस चालवायचो."

"मग बस काढा आणि त्यांना इकडे घेऊन या. आत्ता."

सलाईनच्या दोन बाटल्या गेल्यावर तिच्या गालावर थोडा रंग आला. मोठ्या सिस्टरांनी आधी त्याला झापलं, मग दोघांना समोर बसवून समजावलं. घाटातली मळमळ रस्ता संपला की संपते, ही तशी नाही. ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागून येते. गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची, बरं वाटत असलं तरी. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि गच्चही भरायचं नाही, दर दोन तासांनी चार घास. ताप आला किंवा पाणी ठरेना झालं तर वाट बघत बसायचं नाही, फोन करायचा. "आणि जे होईल ते आम्हाला सांगायचं," त्या म्हणाल्या. "सगळं."

आरशाचा चेहरा पडला. आपल्या विद्येने बायकोला आडवं केलं, हे त्याच्या मनाला फार लागलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "माझं चुकलं."

"गोळी मी सोडली, जेवण तुम्ही सोडलंत. अर्धं अर्धं," ती म्हणाली. मग म्हणाली, "अंदाजपंचे कापलं की कापड वायाच जातं. माप घ्यायला पाहिजे."

आणि घरी आल्यावर तिने मापवहीचं नवं पान उघडलं. जिथे छाती, कंबर, बाही असे रकाने असायचे तिथे तिने वेळ, खाल्लं काय, किती घास, ठरलं की नाही, असे रकाने आखले. सकाळी सात, कोरडा टोस्ट, अर्धा, ठरला. नऊ, केळं, दोन घास, ठरलं. अकरा, गरम सूप, वासानेच उलटी. एक वाजता तेच सूप गार करून, पाच चमचे, ठरलं. चार दिवसांत तिला कळलं की गरम अन्नाचा वास चढतो आणि गार अन्न निमूट खाली जातं. चमच्याला लोखंडाची चव लागत होती म्हणून तिने स्टीलचे चमचे बाजूला ठेवून लाकडी चमचा घेतला. तोंडात फोड यायला लागले तेव्हा मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा भरायच्या वेळाही वहीत आल्या. आरसा नुसता बघत राहिला. एवढ्या मरगळीत, भिंतीला धरून चालणारी ही बाई पेन्सिल मात्र घट्ट धरून होती.

दुसऱ्या डोसच्या वेळी तिने ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर तरुण होते, जाड चष्म्याचे, घाईत असलेले. त्यांनी पहिलं पान नुसतं बघायचं म्हणून बघितलं, मग खुर्ची पुढे ओढून सगळी पानं वाचली. "तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पाचव्या दिवशी दुपारपर्यंत," ते म्हणाले. "इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही. विचारलं की सगळे म्हणतात, 'ठीक आहे, चालायचंच.'"

"पोट आत ओढतात," ती म्हणाली.

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. तिने पाटीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते एवढे हसले की बाहेर बसलेल्या पेशंटांनी दाराकडे बघितलं. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, झोपायच्या वेळची एक वाढवली, आणि सगळ्या पाचव्या दिवसापर्यंत घ्यायला सांगितल्या. त्या खेपेला तिसऱ्या दिवशी तिने उकडलेला अर्धा बटाटा खाल्ला आणि तो ठरला. आरशाने ही बातमी शेजाऱ्यांना अशी सांगितली, जशी घरात कुणी परीक्षेत पहिलं आलं असावं.

त्याचे स्वतःचे हाल मात्र कुत्रा खाईना. कांदा घातलेलं ऑम्लेट घरातून हद्दपार झालं, आणि तो ताटली घेऊन जिन्यात बसून जेवायला लागला. वासाचा साबण गेला. तीस वर्षं लावत असलेलं केसांचं तेल गेलं. मशीनमध्ये तेल घालायचं काम तो मशीन गच्चीत नेऊन करायचा. "माझ्यातलं काय काय ठेवायचंय ते एकदाच सांग," तो म्हणायचा, आणि ती हसायची. त्या हसण्यासाठी तो आणखी चार वस्तू टाकायला तयार होता.

एक गंमत त्यातून झाली. टेलर काम करताना टाचण्या ओठांत धरतात, तशी तीही धरायची, आणि कामाच्या वेळी तिच्याशी बोलायची सोय नव्हती. आता धातूची चव सोसेना म्हणून टाचण्या मशीनवरच्या छोट्या उशीत टोचल्या गेल्या आणि तोंड मोकळं झालं. दुपारभर ती बोलायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला एवढं काही काही माहीत आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

केस गेले तेव्हा ती एकदाच रडली, आणि मग टोप्या शिवायला बसली. बाजारच्या टोप्यांची शिवण आतून असते आणि कोवळ्या टाळूला ती काचते. हिने शिवण बाहेर काढली, आतली बाजू अगदी सपाट, आणि बाहेरच्या शिवणीवर नक्षीसारखा हातटाका घातला. वॉर्डात ती टोपी एकीने मागितली, मग दुसरीने, मग मोठ्या सिस्टरांनी डझनभर मागितल्या. बघता बघता वॉर्डात टेलरबाईंचं प्रस्थ झालं. नवी पेशंट घाबरून आली की सिस्टर तिला सरळ हिच्या शेजारच्या खुर्चीत बसवायच्या. ही आधी डोक्याचं माप घ्यायची आणि ते घेता घेता सगळं सांगून टाकायची. औषध चढताना बर्फाचा खडा तोंडात ठेव. गोळी विसरू नकोस. गार खा, थोडं खा. आणि डॉक्टरपुढे पोट आत ओढू नकोस. आरसा कोपऱ्यातल्या बाकावरून हे बघायचा तेव्हा त्याचा ऊर भरून यायचा. आपल्या बसमध्ये एवढ्या माणसांना उलटी झाली, पण त्यांनी एकमेकांना धीर द्यावा असं काही आपल्याला कधी सुचलं नाही, असं त्याच्या मनात यायचं.

असे चार डोस पार पडले. पाचव्यापासून औषध बदललं. डॉक्टर म्हणाले, "याने पोट फार ढवळणार नाही. पण हातापायांच्या बोटांना मुंग्या येतील, कदाचित बधिर होतील. झालं तर मला सांगायचं."

पाचवा डोस खरंच सोपा गेला. सहाव्यानंतर तर ती चवीने जेवली. मापवहीतल्या रकान्यांत 'ठरलं, ठरलं, ठरलं' एवढंच. आरशाने जिन्यातली ताटली पुन्हा टेबलावर आणली आणि हळूच केसांना तेलही लावून बघितलं. घाट उतरला, असं त्याला वाटायला लागलं होतं.

पण आरसा तो आरसाच. सहाव्या डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तो चहा घेऊन दुकानात आला आणि उंबऱ्यातच थांबला. ती पाठमोरी बसली होती, आणि उंच आरशात तिचा चेहरा त्याला दिसत होता. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा सुईच्या नाकाशी जात होता, चुकत होता, पुन्हा जात होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने दोनदा आवंढा गिळला. आणि तिच्या उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान होतं.

"काय होतंय?" त्याने विचारलं.

"छे," ती म्हणाली, "मला काही होत नाहीये."

त्याने चहा उंबऱ्यातच ठेवला. तो पुढे गेला. तिच्या मांडीवर पांढरी टोपी होती आणि टोपीवर एकाला एक लागून रक्ताचे तीन ठिपके होते. तिच्या डाव्या हाताच्या बोटातून रक्त येत होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिने त्याची नजर कुठे आहे ते बघितलं, मग टोपी बघितली, आणि मूठ मिटून घेतली.

"कधीपासून?"

"पाचव्यापासून मुंग्या होत्या. आता... सुई धरलीय की नाही ते बघावं लागतं."

"आणि वहीत?"

त्याने मापवही उघडली. घास होते, वेळा होत्या, चुळा होत्या. बोटांचा रकानाच नव्हता. खोटं तिने काही लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं.

"अहो, दोनच राहिलेत," ती म्हणाली. "सांगितलं तर ते औषध बंद करतील. मग गाठ परत आली तर? बोटं गेली तर बोटं गेली. मी राहीन ना?" आणि मग त्याला बोलूच न देता म्हणाली, "डॉक्टरांना काही बोललात तर बघा. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्याने बाकीचे सगळे दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. तिचं चुकतंय असं त्याला छातीठोक म्हणता येईना, कारण तीच भीती त्याच्याही पोटात होती. एकदा आपल्या अनुभवावर विसंबून त्याने तिला आडवं केलं होतं. आता पुन्हा आपणच शहाणपणा करायला जावं आणि उद्या गाठ परत यावी, तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आणि गप्प बसावं, तर ज्या हातांकडे बघत त्याचा जन्म गेला ते हात डोळ्यांदेखत चालले होते. बशीतला टोस्ट उचलताना ती आता बोटांकडे बघायची. ब्लाउजचं बटण लावायला तिला पाच मिनिटं लागायची, आणि तो वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून वाचत असल्याचं सोंग करायचा.

सातव्या डोसचा दिवस उजाडला. वॉर्डाबाहेरच्या खोलीत नेहमीची गर्दी होती. मोठ्या सिस्टरांनी एका तरुण मुलीला आणून टेलरबाईंच्या शेजारी बसवलं. पोस्टात काम करणारी होती, दुसरा डोस घ्यायला आलेली, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. आरशाने समोरच्या बाकावरून बघताच ओळखलं की या पोरीच्या पोटात पहिल्या डोसनंतर फारसं काही ठरलेलं नाही.

"कसं गेलं पहिल्या वेळी?" टेलरबाईंनी टेप काढत विचारलं.

"बरं गेलं, काकू."

"हं. डोकं जरा इकडे कर. पोस्टात काय काम करतेस? शिक्के मारायचं की खिडकीवर?"

"खिडकीवर," मुलगी म्हणाली, आणि मग खिडकीवरच्या रांगेबद्दल, एका भांडकुदळ म्हाताऱ्याबद्दल सांगता सांगता तिचा श्वास सैल झाला आणि डोळे भरून आले. "काकू, मी आठ दिवस नुसती ओकत होते. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर डोस कमी करतील म्हणून."

"अगं वेडे!" टेलरबाईंचा आवाज चढला. "मग ते औषध बेतणार कशावरून? तू त्यांना खोटं माप देणार, त्यावर ते कापणार, आणि उसवलं की भोगणार तू! त्यांच्याकडे धागा काय एकच आहे? हे नाही तर ते लावतील. पण अंगाला कुठे काचतंय ते तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? तुला वाटतं की लपवलं म्हणजे..."

आणि तिथे ती थांबली.

टेप तिच्या हातात तशीच लोंबत राहिली. टेप बोटांत आहे की सुटली हे बघायला तिने मान खाली केली. समोर आरसा बसला होता. त्याने शपथ मोडली नाही. तो डॉक्टरांशी एक अक्षर बोलला नव्हता. तो फक्त उठला, तिच्याजवळ येऊन वाकला आणि त्या मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आता तुझं पोट सोड."

तिने त्याच्याकडे रागाने बघितलं. अशा रागाने, की त्याला वाटलं संपलं, ही आता आठवडाभर बोलत नाही. पण ती उठली, पोस्टातल्या मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "चल. आधी तू सांग. मग मी सांगते."

डॉक्टरांच्या खोलीत मुलीने सगळं सांगितलं. तिच्या गोळ्या लिहून झाल्यावर डॉक्टरांनी टेलरबाईंकडे वळून हसत विचारलं, "तुमची वही कुठेय? तुमचं तर सगळं ठरतंय."

"वहीत एक रकाना राहिलाय," ती म्हणाली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्या तळहातावर एकेक वस्तू ठेवली. हे काय? तिने बोटं फिरवली. "नाणं." ते बटण होतं. हे? "बटण." ती पेनाची टोपी होती. मग त्यांनी स्वतःच्या कोटाची बाही तिच्या चिमटीत दिली. सबंध आयुष्य ज्या चिमटीवर काढलं, ती चिमूट बराच वेळ बाहीवर फिरली, आणि ती म्हणाली, "काहीच लागत नाही हो हाताला." एवढ्या महिन्यांत वॉर्डात कुणी तिला रडताना बघितलं नव्हतं. आज उघड्या दारातून सगळ्यांनी बघितलं, पोस्टातल्या मुलीनेसुद्धा.

डॉक्टरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "उपचार बंद होणार नाहीत. हे औषध बंद होईल, दुसरं देऊ, डोस दोन्ही पुरे होतील. तुम्ही हे आठव्यानंतर सांगितलं असतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं." आणि पुढे म्हणाले, "संवेदना येते परत. सहा महिने लागतात, वर्षही लागतं. कुणाची पूर्ण येते, कुणाची नाही. खोटं सांगणार नाही."

"नकाच सांगू," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर आरशाला वाटलं की आता तोंडसुख घेतलं जाणार. पण ती म्हणाली, "शपथ तर मोडली नाहीत, आणि काम मात्र करून घेतलंत. बनेल आहात." त्याने ते कौतुकच मानून घेतलं.

नवं औषध पोटाला जड होतं. मळमळ परत आली, जिन्यातली ताटली परत जिन्यात गेली, टोस्ट आणि गार सूप परत रकान्यात आलं. ती कुरकुरली नाही. "ओळखीची आहे," म्हणाली. वहीत आता बोटांचाही रकाना होता, दहा बोटांची दहा घरं. सातवा झाला, आठवा झाला. शेवटच्या दिवशी वॉर्डातल्या बायका तिने शिवलेल्या टोप्या घालून ओळीने उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिला टाळ्या वाजवून निरोप दिला. मोठ्या सिस्टर आरशाला म्हणाल्या, "तुम्ही पण शिकलात हो थोडंफार." सिस्टरांच्या तोंडून म्हणजे ही पदवीच होती.

पुढे लांबलचक कंटाळवाणे महिने आले, ज्यांच्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. तपासण्या चांगल्या येत होत्या. केस बोटभर वाढले. दुकान बंद होतं, पण ती रोज सकाळी खिडकीशी बसायची. आरसा कात्रणांच्या ढिगातून एकेक तुकडा काढून तिच्या चिमटीत द्यायचा, आणि ती डोळे मिटून ओळखायची. सुती? लोकर. रेशीम? सुती. तो कधीकधी दया येऊन "बरोबर!" म्हणायचा, आणि ती डोळे उघडून तुकडा बघून त्याच्यावरच खेकसायची, "मला खोटं माप देऊ नका!" मग वहीत लिहायची: आज दहापैकी एक. दुसऱ्या दिवशी: शून्य. कुणाचाही धीर सुटावा असे ते आकडे होते. तिने एक दिवस चुकवला नाही. मशीनला शिवलीही नाही, पण रोज एका जुन्या चादरीच्या तुकड्यावर हाताने एक काज करायची, वाकडंतिकडं, डोळ्यांनी बघून बघून, आणि शेवटी उसवून टाकायची.

एका सकाळी तो स्वयंपाकघरात टोस्ट भाजत होता. पुढच्या खोलीतून ओरडणं आलं.

"आई गं!"

त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. गॅस तसाच ठेवून, पायात काही न घालता तो धावला. ती खिडकीशी बसली होती, डाव्या हाताची तर्जनी उजव्या मुठीत धरून. चादरीच्या तुकड्यावर रक्ताचा एक लाल ठिपका होता.

"काय झालं? कुठे लागलं?"

तिने मान वर केली. आता तिचा चेहरा त्याला आरशातून बघायची गरज नव्हती.

"टोचली," ती म्हणाली. "अहो, सुई टोचली. दुखलं मला!"

एकतीस वर्षं गाडीभर लोकांचं दुखणं आरशात बघूनही डोळ्यांत टिपूस येऊ न दिलेला तो माणूस तिथेच कात्रणांच्या ढिगावर बसला आणि मोठमोठ्याने रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. मग बोट चोखत म्हणाली, "रडून झालं की वही द्या इकडे. आणि टोस्ट करपला वाटतं, वास येतोय."